पोलादपूरचे सोनेरी केस

महाडात उतरलेल्या एका नाटक कंपनीच्या मालकाने पोलादपूरच्या कंपाउंडरकाकांना फसवले. पैशात नाही, नावात. काकांनी काळेभोर केस सोनेरी करून त्यांचा टोप बांधून दिला आणि मालकाने हँडबिलावर छापले, की हा टोप खास विलायतेहून मागवला आहे. सौदा माझ्या तोंडून झाला होता, म्हणून फसवणूक माझीही झाली. पण माझे मी बघून घेतले. काकांचे बघणारे कोणी नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

काकांना पाहिलेली माणसे आता थोडी उरली. जी उरली त्यांना काकांची मिशी आठवते. उजवी मिशी चारचौघांसारखी, काळी-पांढरी. डावी मिशी मात्र सोनेरी, भाताच्या पेंढ्यासारखी. मधोमध नाकाखाली जणू कोणी बांध घातला होता. पोलादपूरच्या बाजारातून ते चालले, की परगावचा माणूस थबकून बघायचा. काकांना त्याचे काही नसे. केस उजळायच्या औषधाची प्रत्येक नवी बाटली ते आधी त्या डाव्या मिशीवर लावून बघत. त्याच्याही आदल्या दिवशी एक थेंब कानामागे लावत आणि दिवसभर थांबत. कातडी लाल झाली, खाज सुटली, तर ती बाटली बाद. मी एकदा म्हटले, काका, लोक हसतात. ते म्हणाले, "हसू देत. दुसऱ्याचा केस जाळून रडण्यापेक्षा माझ्या मिशीला हसलेलं बरं."

कंपाउंडर हे त्यांचे नाव नव्हते आणि कुठल्या दवाखान्यात ते कधी नव्हते. तरुणपणी मुंबईला फोर्टात गोऱ्या लोकांच्या केस कापायच्या दुकानात त्यांनी बरीच वर्षे काढली. आधी झाडू मारला, मग औषधे मिसळली. त्या दुकानात मडमा केस पिवळे करून घ्यायला येत. एकदा दुसऱ्या कारागिराने घाई केली, जास्त जोराचे औषध लावले आणि मडमेच्या डोक्यावरून हात फिरवला तर केस हातात आले. काका तेव्हा शेजारी टॉवेल घेऊन उभे होते. ती बाई ओरडली नाही, नुसती आरशात बघत बसली, एवढेच ते सांगत. त्यांचा सगळा सावकाशपणा तिथून आला होता. गावाकडे परतल्यावर लोक ताप-खोकला घेऊन दारात येत, तेव्हा ते त्यांना वाटेला लावत. मी केसांचा कंपाउंडर आहे, केसाला ताप येत नाही, असे म्हणत.

माणसाच्या तोंडाकडे ते बघत नसत. केसांकडे बघत आणि ओळखत. माझी बायको पहिल्यांदा त्यांच्या ओटीवर आली, तेव्हा नमस्कार घ्यायच्या आधी त्यांनी तिला विचारले, की तू अलीकडे आजारी होतीस का, मुळाजवळचा बोटभर केस बारीक आला आहे. ती खरोखरच आजारातून उठली होती. औषधाच्या तपकिरी बाटल्या ते विहिरीत शिंकाळ्याला टांगून ठेवत, कारण ऊन आणि उजेड लागला की त्यातला जोर जातो. बाटलीवर चिठ्ठी चिकटवलेली असे, "विष". ते विष नव्हते. पण गावात दुसऱ्या कुठल्या शब्दाने बाटली जागेवर राहिली नसती, हे त्यांना ठाऊक होते.

मी त्यांच्याकडे गेलो तो धंद्यासाठी. शाळेचे तोंड मी पाहिले नाही. पाटीत कंगवे, सुया आणि करंडे घेऊन वाड्यावाड्या फिरायचो आणि बदल्यात बायकांकडून गुंतवळ घ्यायचो, म्हणजे विंचरताना निघालेले केस. त्याची गंगावने, म्हणजे वेणीत गुंफायचे जोडकेस, करून महाडच्या बाजारात विकायची. अक्षरे दुकानांच्या पाट्यांवरून शिकलो, पाढे बाजारात शिकलो. पुढे महाडात स्वतःचे दुकान टाकले. मला कोणी हात दिलेला नाही आणि माझ्याशी घासाघीस करून जिंकलेला माणूस मला आठवत नाही.

काकांनी माझ्या ढिगातला एक केस उचलला, चिमटीत धरून चोळला, आणि तो केस जिवंत असल्यासारखा त्यांच्या बोटांतून सरकू लागला. म्हणाले, केस नेहमी आपल्या बुडाकडे सरकतो. तू बूड आणि शेंडा एकत्र केला आहेस, म्हणून तुझी गंगावने दोन महिन्यांत गुंततात. तुझ्यात खोट नाही, फक्त अक्कल नाही. माझे डोके भडकले. पण घरी येऊन चोळून पाहिले तर केस सरकला. दुसऱ्या दिवशी मी परत पोलादपूरला गेलो.

आता मूळ गोष्ट. कंपनी मुंबईहून बोटीने आली आणि दासगावला सामान उतरवताना एक ट्रंक खाडीच्या चिखलात पडली. त्या ट्रंकेत सोनेरी टोप होता. कोणा शहाण्याने तो चुलीजवळ वाळत घातला आणि तो करपला. नवे नाटक विलायतेहून मडम घेऊन आलेल्या एका संस्थानिकाच्या पोरावर होते. मडमेच्या सोन्यासारख्या केसांवर त्यात मोठे पद होते. मडमेचे काम करणारा नट काळ्या केसांनी आला असता, तर लोकांनी तंबू डोक्यावर घेतला असता. मालक बाजारात चौकशी करत माझ्या दुकानी आला. अंगात रेशमी कोट, बोलणे गोड.

मी सांगितले, टोप मिळेल, पण माझी अट पैशाची नाही. हँडबिलावर छापायचे आणि पडदा उघडण्याआधी तोंडाने सांगायचे, की हे केस पोलादपूरच्या वाड्यांतल्या बायकांचे आहेत आणि रंग पोलादपूरच्या कंपाउंडरकाकांचा. यात माझ्या दुकानाचा फायदा होता, ते मी लपवत नाही. मालक लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच हो म्हणणाऱ्या माणसाचा मला संशय यायला हवा होता.

अट घालण्याला दुसरेही कारण होते. टोपाला लांब केस हवेत आणि वरच्या वाडीतल्या बायका आपले लांब केस कोणाला देत नसत. निघालेला केस न केस त्या भिंतीच्या भोकात कोंबत. परक्याच्या हाती गेला तर त्यावर करणी होते, ही भीती. मी वाडीत जाऊन अंगणात बसलो. त्यांची म्होरकी एक ताडमाड बाई होती. सगळ्या वाडीचे भांडण तीच भांडायची. मी तिला म्हटले, या केसांवर करणी होणार नाही, गाणे होणार आहे, आणि तुमच्या वाडीचे नाव शेकडो माणसांपुढे घेतले जाणार आहे. तिने वळून बाकीच्या बायकांना विचारून घेतले. मग म्हणाली, "आमी केस नाय देत, तुज्या शब्दाव इस्वास देतो. नाव नाय घेतलं, तर वाडीत पाय ठेवू नको." भिंती रिकाम्या झाल्या. सुपे भरभरून केस निघाले. माझा शब्द त्या सुपांत होता.

काकांनी काम सुरू केले आणि माझे हाल सुरू झाले. आधी सगळे केस बूड-शेंडा लावून घेतले. मग रिठ्याने धुतले, कारण तेल असेल तिथे औषध चढत नाही. ऊन पाणी लागेल म्हणून मी सरपण वाचवायला सव गावच्या गरम झऱ्याचे कढत पाणी डबे भरून, गोणपाटात गुंडाळून बैलगाडीतून आणले. काकांनी ते माझ्यादेखत अंगणात ओतले. म्हणाले, हे पाणी खरजेला चांगले, केसाला नाही. यात काय काय आहे ते देवाला ठाऊक, आणि औषधाच्या शेजारी मला माहीत नसलेला पाहुणा नको. एवढ्या लांबून आणलेले पाणी मातीत जाताना बघून मी दात खाल्ले.

औषध दुकानातून येते तसे ते कधी वापरत नसत. पाण्यात उतरवून नरम करत, अमोनियाचे मोजून थेंब टाकत, आणि सगळे चिनी मातीच्या भांड्यात. खोलीत येण्याआधी खिशातले पैसे, किल्ल्या, बायकोने दिलेली तांब्याची अंगठी, सगळे बाहेर ठेवावे लागे. तांबे या औषधाचे वैरी आहे, म्हणत. पहिल्या दिवशी एकच बट बुडवली आणि उरलेल्या केसांना हातही लावला नाही.

वेळ कशी मोजायची, तर पाढ्यांनी. घड्याळाकडे बघायला मान वळवली की तेवढ्यात केस जळतो, असे ते म्हणत. पाढ्याला डोळे लागत नाहीत, डोळे केसांवर राहतात. नरम औषधाला निमकी, त्याहून जोराच्याला दिडकी. म्हणजे केस भांड्यात टाकले की अर्ध्याचा किंवा दिडाचा पाढा शंभरापर्यंत म्हणायचा, पाढा संपला की केस काढून कोमट पाण्यात. एक दिडके दीड, दोन दिडके तीन, असे ते देवापुढे बसल्यासारखे म्हणत. एकदा त्यांचा घसा बसला म्हणून दिडकी मी म्हटली. केस काढले तर नुसता तांबूस रंग. काकांनी ते पाहिले आणि म्हणाले, "तुझी दिडकी बाजारातली. गिऱ्हाईक पळून जाईल अशा भीतीनं म्हणतोस. माझी शाळेतली आहे." त्यानंतर मला फक्त पाणी ओतायचे काम राहिले.

एका लडीला एका वेळी एकच बुडवणी. मग केस धुऊन खोबरेल लावून दोन दिवस पडवीत निवांत, आणि पुढच्या बुडवणीआधी पुन्हा रिठा. मी ओरडायचो, की कंपनीचा खेळ तोंडावर आला. ते म्हणायचे, केस दमतो. पहिल्या बुडवणीला नाचणीच्या भाकरीचा रंग आला. दुसरीला गुळाचा. इथे सगळे घाबरतात आणि जोराचे औषध ओततात, असे त्यांनी सांगितले. तिसरीला पिकलेल्या फणसाच्या गऱ्याचा. मला वाटले, झाले. काकांनी मान हलवली. मग त्यांनी धोब्याची नीळ पाण्यात चिमूटभर विरघळवली आणि त्यात केस एकदाच फिरवले. बटबटीत पिवळेपणा गेला. पडवीत उन्हाची तिरीप आली होती, तिच्यात त्यांनी ती लड धरली. आयुष्यात मी पुष्कळ माल पाहिला. असा नाही.

महाडात नाटक असे गाजले, की लोक मडमेचे पद पुन्हा म्हणायला लावत होते. आणि त्याच दिवशी माझ्या हातात हँडबिल आले. खास विलायतेहून मागवलेला सोनेरी टोप. पडद्याआधी मालकाने तोंडानेही तेच सांगितले. मी आत जाऊन त्याची रेशमी कॉलर धरली. चार माणसांनी मला बाहेर काढले. बाजारातली हँडबिले मी दिसतील तिथून फाडली.

काकांना सांगितले, तेव्हा त्यांनी आधी एवढेच विचारले, की गॅसबत्तीखाली रंग कसा दिसला. मी म्हटले, तुमचे नाव चोरले त्याने. ते म्हणाले, माझे असू दे, पण त्या बायांना काय सांगशील. मी वाडीत गेलोच नाही. चार दिवसांनी ती ताडमाड बाई भर बाजारात माझ्या दुकानासमोर येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय रे, आमचं केस इलायतेला कवा जाऊन आलं? बोटीचं तिकीट कुनी काढलं?" बाजार हसला. त्या हसण्यात माझी सगळी वर्षे होती, पाटी डोक्यावर घेऊन फिरलेली.

मालकाची हाव त्याला आडवी आली. कंपनी महाडहून पोलादपूरला गेली, तिथे त्याला नाटकात दुसरी मडम आणायची होती. काकांकडे यायची गरज नाही असे त्याला वाटले. टोप होत होता तेव्हा त्याचा एक माणूस रोज काकांच्या ओटीवर बसून सगळे कागदावर उतरवत होता. त्यात लिहिले होते, औषध, अमोनिया, निमकी, मग दिडकी, मग नीळ. मालक लहानपणापासून नाटकात, शाळा कधी नाही. निमकी म्हणजे औषध निम्मे, असे त्याने मानले. आणि दिडकी म्हणजे त्याला माहीत होती ती एकच, तांब्याचे जुने नाणे. कुठल्या म्हाताऱ्याकडून त्याने ती मुद्दाम मिळवली. चिनी मातीच्या भांड्यात औषध ओतले, कुठून तरी मिळवलेले नवे केस टाकले, माझा टोप जरा आणखी उजळावा म्हणून तोही टाकला, आणि वरून दिडकी सोडली.

भांडे उकळले. चुलीवर नसताना उकळले. फेस उतू गेला, वाफ आली, कोणाला हात घालवेना. निवल्यावर जे निघाले ते हिरवट आंबील होते. काठीने उचलले तर गळून पडत होते. हे मला त्याच्याच आचाऱ्याने हसत सांगितले. मी त्याला दुकानातला चांगला कंगवा फुकट दिला. असे मी कधी करत नाही.

पोलादपूरचा खेळ दोन दिवसांवर होता. मालक मोटारीने महाडला माझ्या दुकानी आला. कोट नव्हता. मी उठलो नाही. म्हटले, केस माझ्याकडे नाहीत, वाडीत आहेत, आणि मागायला तुम्ही स्वतः यायचे. त्याला मी चढ चढवत वरच्या वाडीत नेले. त्या हँडबिलानंतर मीही पहिल्यांदाच तिथे पाऊल ठेवत होतो. बायका अंगणात जमल्या. मालकाने गोड बोलायला सुरुवात केली. ती बाई म्हणाली, इलायतेसनं आणा की, हितं कशाला इलात. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि खरे काय ते सांगितले. खोटे छापले, असे तोंडाने म्हणाला. तेव्हा कुठे पहिल्या वेळी मागे राखलेली सुपे बाहेर आली.

काका त्याला एकही लागट शब्द बोलले नाहीत. मला ते आवडले नाही, पण त्यांची रीत तशी. फक्त म्हणाले, घाई करणार नाही, जेवढे दिवस लागतील तेवढे लागतील, आणि या वेळी पाढा मालक म्हणतील. कंपनी पोलादपुरात बसून राहिली. रोज सकाळी मालक खिसे रिकामे करून काकांच्या खोलीत भांड्याजवळ मांडी घालून बसायचा. चुकला की काका पहिल्यापासून म्हणायला लावत. पडवीत मी ऐकत असे. सतरा दिडके साडेपंचवीस. तेवीस दिडके, आणि थांबायचा. मला त्या दिवसांत जेवणाला फार चव आली.

खेळ दुपारचा लावला, बायकांना उजेडी घरी परतता यावे म्हणून. कनातीत पुढच्या सगळ्या रांगा वाडीच्या. पडदा उघडण्याआधी मालक पुढे आला आणि त्याने हात जोडले. म्हणाला, आज तुम्ही बघाल ते केस वरच्या वाडीतल्या मायबहिणींचे आहेत. रंग पोलादपूरच्या कंपाउंडरकाकांनी दिला. विलायतेचे त्यात काही नाही. मी खोटे बोललो होतो. ती ताडमाड बाई कोणी न सांगता उठून उभी राहिली, मागे वळली, आणि सगळ्या कनातीने तिला बघेपर्यंत बसली नाही. मग मडम आली. कनातीच्या फटीतून ऊन आत येत होते, ते नेमके तिच्या डोक्यावर पडले. बायका पुढे झुकल्या. एक बाई शेजारणीला म्हणाली, ती मानेवरची बट माझी गो. शेजारीण म्हणाली, नाय गो, माझी. दोघी शेवटपर्यंत भांडल्या.

काका वाडीच्या बायकांसोबत पहिल्या रांगेत होते. नाटकाकडे त्यांनी पाहिले असेल असे मला वाटत नाही. संपल्यावर मी विचारले, कसे झाले. ते म्हणाले, "नीळ अंमळ जास्त पडली." आणि डावी मिशी चोळत घरी गेले. त्यांना इतके खूश मी पुन्हा कधी पाहिले नाही.

काका जाऊन आता बरीच वर्षे झाली. मालक पुण्यात मोठा माणूस झाला. त्याच्या आठवणी एका मासिकात छापून येत आहेत. गेल्या अंकात कोकणच्या दौऱ्याचे प्रकरण आले. त्यात लिहिले आहे, की सोनेरी टोप आपण स्वतः विलायती पुस्तक वाचून, स्वतःच्या हाताने तयार केला. काकांचा उल्लेख नाही. वाडीचा नाही. दिडकीचा अर्थातच नाही. मी त्याला तीन पत्रे धाडली, उत्तर एकाचेही नाही. म्हणून हे संपादकांकडे पाठवतो आहे, चौथे पत्र म्हणून.

मालक, तुम्ही हे वाचणार, हे मला माहीत आहे. पोलादपूरच्या कनातीत भर दुपारी, हात जोडून, स्वतःच्या तोंडाने बोललात ते एक. आता शाईने छापलेत ते दुसरे. दोन्हींतले एक खोटे आहे. कोणते, ते मी सांगणार नाही. वाडीत त्या बायका अजून आहेत आणि त्या मला रोज विचारतात. त्यांना काय सांगू, ते तुम्ही लिहून कळवायचे आहे. याच मासिकात, सही करून.